क्रोमो बोलायला शिकवा, नुसते रकाने भरायला नको: मध्य जावाच्या शिक्षणप्रमुखांना खुलं पत्र

माननीय साहेब,

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इंडोनेशियातल्या सोलो शहरात आले, मुलगी इथेच तिसरीत शिकते. हेच पत्र तुम्हाला इंडोनेशियनमध्ये पाठवलंय, मराठीत आपल्या माणसांसाठी.

मागच्या महिन्यात तिला जावानीजच्या, म्हणजे इथल्या जावा बेटावरच्या भाषेच्या, पेपरात पैकीच्या पैकी मार्क पडले. तीन रकाने होते, न्गोको (घरगुती, बरोबरीच्यांशी बोलायची भाषा), क्रोमो (अदबीची भाषा), क्रोमो इंगिल (मोठ्यांना मान देणारे शब्द). जेवणे म्हणजे मांगन, नेडो, डहार. झोपणे म्हणजे तुरू, तिलेम, सारे. एकही चूक नाही! आणि त्याच संध्याकाळी आजीने जेवलीस का विचारलं तर म्हणाली, "कुलो सांपून डहार", म्हणजे मी जेवले. आता डहार मोठ्यांच्या जेवणाला म्हणायचं, स्वतःसाठी नेडो, म्हणजे तिने स्वतःलाच मान देऊन टाकला. सासूबाई प्रेमानेच हसल्या, पाहुणे पण हसले, पण पोरीचा चेहरा एवढासा झाला आणि तेव्हापासून ती आजीशी इंडोनेशियनच बोलते, त्यात माणसागणिक शब्द बदलत नाहीत ना, चुकायची भीती नाही.

मराठीत आपण तू, तुम्ही, आपण करतो, क्रियापद बदलतो, झालं. इथे अख्खा शब्दच बदलतो, आणि कुणाबद्दल बोलतोय ते बघून बदलतो, हे रकान्यात कसं कळणार? ते कानावरच पडायला लागतं. सासूबाई सांगतात, त्यांची आई लहानपणी त्यांच्याशी मुद्दाम क्रोमोत बोलायची, लेकराने उचलावं म्हणून. आता घराघरात आईबाप मुलांशी इंडोनेशियन नाहीतर न्गोको बोलतात (आमच्याकडेही तेच, नवरा आणि मी दोघंही त्यात आलो), मग मुलांनी क्रोमो ऐकायचं कुठे?

आठवड्याला जावानीजचे दोनच तास असतात. त्यातला एक वही न उघडता फक्त बोलण्याचा ठेवा, बाईंनी मुलांशी क्रोमोत बोलावं, आजी-आजोबांना वर्गात बोलवा, तोंडी बोलण्याला मार्क द्या, आणि चुकलं तर कुणी हसणार नाही एवढं बघा. सरकारी ऑफिसात गुरुवारी जावानीज बोलायचा नियम तुमच्याच प्रांताने केला, तसा एक दिवस प्राथमिक शाळेलाही द्या ना.

रोज रात्री लेक आजीच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि इंडोनेशियनमध्ये गुड नाइट म्हणून परत येते. गुड नाइटचं 'सुगेंग सारे' तिला येतं साहेब, पेपरात लिहिलं होतं तिने.

आपली,
सोलोतली एक आई