आरोग्य विम्याचा दरवाजा आणि वजनाचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आणि आमच्या परभणीच्या मोंढ्यात, नोकरदारांच्या वसाहतींत विमा प्रतिनिधींची ये-जा वाढली. विमा घेणारे वाढावेत हा हेतू चांगलाच आहे. परंतु हप्ता भरण्याची तयारी असलेल्या अनेकांचा प्रस्ताव अर्जातील उंची आणि वजनाच्या रकान्यापाशीच अडतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

उंची-वजनावरून कंपनी बीएमआय काढते, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागते. आलेला आकडा कंपनीच्या मर्यादेपलीकडे गेला की जास्तीच्या तपासण्या, जादा हप्ता म्हणजेच लोडिंग, किंवा सरळ नकार यांपैकी काहीतरी पदरी पडते. ही मर्यादा प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार ठरते आणि ग्राहकाला ती आधी कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराला ना मधुमेह आहे ना रक्तदाब. तरीही 'कंपनीच्या निकषांत बसत नाही' एवढ्या एका ओळीवर त्याचा प्रस्ताव परत आला. निकष कोणता, किती वजन उतरवले तर पुन्हा अर्ज करता येईल, हे प्रतिनिधीलाही सांगता आले नाही. नकार कारणांसह लेखी कळवावा आणि लोडिंग लावायचे असल्यास ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या आरोग्य विमा नियमावलीतच म्हटले होते. अशा एका ओळीला कारण म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

कंपन्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असे नाही. कर्जाची जोखीम तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. वाढत्या वजनाबरोबर टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे आणि गुडघ्यांची झीज यांची शक्यता वाढते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. विम्याचा पैसा शेवटी सगळ्यांच्या हप्त्यांतूनच येतो, त्यामुळे आजार अंगावर आल्यावरच दारात येणाऱ्यांना तात्काळ सगळे दिले तर बाकीच्यांचे हप्ते वाढतील, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्यासाठी प्रतीक्षा कालावधीची तरतूद आहेच. पूर्वीपासून असलेल्या आजारांवरील खर्च कंपनीला कमाल तीन वर्षे नाकारता येतो (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षे होती). हे संरक्षण हाताशी असताना निव्वळ वजनासाठी दरवाजाच बंद करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

वजन फक्त प्रवेशाच्या दिवशीच विचारले जाते, ही यातली मला सर्वात खटकणारी गोष्ट आहे. एकदा पॉलिसी मिळाली आणि ती खंड न पडता चालू ठेवली की विम्याची रक्कम वाढवून मागेपर्यंत कंपनीला नूतनीकरणाच्या वेळी नव्याने आरोग्याची छाननी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे पंचविसाव्या वर्षी, सडपातळ असताना पॉलिसी घेतलेल्या माणसाचे वजन पुढे वीस वर्षांत तीस किलोंनी वाढले तरी त्याच्या वजनापोटी त्याला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही. पंचविसाव्या वर्षी पॉलिसी कोण घेतो? पुण्या-मुंबईत पगाराची नोकरी असलेला, किंवा ज्याच्या घरात विम्याविषयी बोलले जाते तो. आमच्याकडे पंचविशीतल्या माणसाच्या डोक्यावर पीककर्ज असते, बहिणीचे लग्न असते, आणि एखाद्या वर्षी पाऊसच नसतो. त्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहू लागतात ते चाळिशी-पंचेचाळिशीत, आणि पोटही सुटते ते त्याच सुमारास. मालक हप्ता भरतो अशा गट विम्यात सहसा एकेकाचे वजन तपासले जात नाही, पण आडत दुकानातला हमाल, रिक्षाचालक, खासगी शिकवणी घेणारा शिक्षक यांना गट विमा कोठून मिळणार? तेव्हा वजनाच्या नावाखाली प्रत्यक्षात उशिरा आलेल्याला आणि पगारी नोकरी नसलेल्याला दंड होतो, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. भारतीय माणसाची चरबी बीएमआयमध्ये नीट दिसत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये त्यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात कमी वजनाची जन्मलेली बाळे हातापायांनी काटकुळी, पण चरबी मात्र राखून असलेली आढळली, आणि अशा जन्माचा पुढे होणाऱ्या मधुमेहाशी संबंध असल्याचे ते सांगत आले आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती गर्भारशी रोजगार हमीच्या खडीवर राबल्या, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या वेळी जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिच्यातला अंगाने किरकोळ माणूस कंपनीच्या तक्त्यात सुखरूप बसतो आणि रक्तातील साखर न तपासता पॉलिसी घेऊन जातो, तर दणकट बांध्याचा, साखर-रक्तदाब ठीक असलेला माणूस बाहेर राहतो. अशाने कंपनीचा स्वतःचा हिशेब तरी बरोबर येतो का? कमरेचा घेर (आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते), तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब एवढे पाहिले तरी जोखमीचा अंदाज कितीतरी नेमका येईल, आणि या तपासण्या आता तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

तिसरी विसंगती मात्र उघडउघड आहे. हप्ता घेताना लठ्ठपणा ही जोखीम असते, उपचाराची वेळ आली की ती जवळजवळ हौस ठरते. प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळण्याच्या बाबी (म्हणजे ज्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही त्या) प्रमाणित केल्या, त्यांत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० हवा, किंवा हृदयविकार, झोपेतील श्वासावरोधाचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही जडलेले असल्यास किमान ३५ हवा, शिवाय इतर सौम्य उपाय निष्फळ ठरलेले हवेत, अशी अट आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे उदाहरण घेऊ. भारतीयांसाठीच्या २५ या निकषाने तिला ६४ किलोंवर लठ्ठ म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या ३० या निकषाने साधारण ७७ किलोंवर. विम्यातून शस्त्रक्रियेचा खर्च मात्र ९० किलोंच्या आसपास, तोही गंभीर आजार जडल्यावर, नाहीतर १०२ किलोंच्या पुढे. शस्त्रक्रियेचा निर्णय कडक निकषांवर व्हावा हे मान्य आहे. पण ज्या वजनासाठी कंपनी तिच्याकडून जादा हप्ता घेते, ते वजन उतरवण्यासाठी आहारतज्ज्ञाचा सल्ला, तपासण्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांवर त्याच कंपनीने काही खर्च का करू नये?

या सगळ्याचा एक परिणाम तालुक्याच्या गावी हमखास दिसतो. अडचण नको म्हणून प्रतिनिधीच अर्जात अंदाजे वजन टाकतो, '६८ लिहू का साहेब?' असे विचारून, आणि ग्राहक सही करतो. पुढे दावा आला की रुग्णालयाच्या कागदावरचे वजन आणि अर्जातले वजन जुळत नाही, आणि माहिती दडवल्याचा ठपका ग्राहकावर येतो. सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीला असा आक्षेप घेता येत नाही (ही मुदतही २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाचवर आली), परंतु त्याआधीच्या वर्षांत माणूस पूर्णपणे उघडा असतो. वाचकांनी आपले खरे वजनच लिहावे, आणि ते स्वतःच्या हाताने लिहावे.

'सरकारी योजना आहेच की' असे यावर कोणी म्हणेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना प्रति कुटुंब पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि तेथे कोणी वजन विचारत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र ती ठरावीक उपचारांपुरती आणि योजनेतील रुग्णालयांपुरती आहे. तिच्या जोरावर खासगी विम्यातील अन्यायाकडे डोळेझाक करणे बरोबर नाही.

कायद्याने असे बंधन घालता येते, याचे उदाहरण घरातच आहे. एचआयव्हीबाधितांना विमा नाकारणे किंवा अन्याय्य वागणूक देणे, विमागणिताच्या (म्हणजे जोखीम आकड्यांत मांडणाऱ्या शास्त्राच्या) अभ्यासाचा आधार असल्याखेरीज, २०१७ च्या कायद्याने भेदभाव ठरवले आहे. वजनाच्या बाबतीतही निदान एवढे व्हावे: केवळ बीएमआयवरून कोणालाही नकार देता येऊ नये, २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकणे बंधनकारक झालेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी तरी वजनाच्या कारणाने रोखली जाऊ नये, लोडिंगचा तक्ता कंपनीने संकेतस्थळावर मराठीतून जाहीर करावा, आणि पुढे वजन व साखर आटोक्यात आल्याचे दाखवणाऱ्याचे लोडिंग नूतनीकरणाच्या वेळी उतरवले जावे. प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादला आहे, म्हणजे आम्हा परभणी-नांदेडकरांना ते मुंबईपेक्षा जवळ. येथील खासदारांनी आणि ग्राहक संघटनांनी नाकारलेल्या प्रस्तावांची पत्रे गोळा करून तेथे लेखी निवेदन द्यावे. कोणी पुढाकार घेत असेल तर त्या किराणा दुकानदाराचे एका ओळीचे पत्र, त्याच्या परवानगीने, मी द्यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, परभणी