गॉगल भडंगाच्या डब्यात आहे

सांगली, मंगळवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

स्टँडवर चारचौघांत तुझ्यावर ओरडायला नको होतं. बाबा परतताना गणपती पेठेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

तू पाठवलेला फोटो त्यांनी कॅलेंडरशेजारी लावलाय. येईल त्याला दाखवतात, "आमच्या मनूचा सूर्य." सूर्यावरनं उसळणाऱ्या तापल्या वायूच्या झोतांना तुम्ही स्पिक्यूल म्हणता, मला ती कुसळंच दिसतात, मळ्यातनं आलं की लुगड्याच्या काठाला चिकटतात तसली. पण एकेक कुसळ दहा हजार किलोमीटरपर्यंत उंच, आणि जाडी सांगलीहून मुंबई गाठेल एवढी! सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर उसळायचं नि पाच-दहा मिनिटांत विझायचं. माझा कुकर व्हायच्या आत सगळं संपलं. इटलीच्या सेक्की नावाच्या पाद्र्यानं 1877 साली त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय, हेही बाबा आता शेजाऱ्यांना सांगतात.

आणि तरी मी परत तिथंच येते. डोळे जप.

माहीत आहे गं, तू दहादा सांगितलंस. दुर्बिणीला डोळा लावत नाही, कॅमेरा बघतो, तुम्ही पडद्यावर बघता. हायड्रोजनचा तेवढा तांबडा उजेड ठेवून बाकीचा गाळून टाकता, तेव्हा कुठं तो कुंकवासारखा थर दिसतो. कळलं मला. पण नानाकाकालाही कळत होतंच की. 16 फेब्रुवारी 1980. खग्रास खाली कर्नाटकात, आपल्याकडं खंडग्रास. आम्हा पोरांना दारं-खिडक्या लावून कोंडलेलं आणि हा गच्चीवर पैज लावून उघड्या डोळ्यांनी बघत बसला. पुढं जन्मभर अडतीतल्या पावत्या मान तिरकी करून वाचायचा. मधला आकडाच दिसायचा नाही. मला हाक मारून विचारायचा, "हा तीन का आठ गं?" मी सात वर्षांची. मुद्दाम चुकीचा सांगायची.

असो. दिवसभर पडद्यापुढं बसू नकोस, रात्री जागू नकोस, फोन लांब ठेव, गाजरं आण... बघ, लागले पुन्हा शिकवायला. राहू दे. उदयपूरच्या फतेहसागर तलावात बेटावर तुमची वेधशाळा, भोवतीच्या पाण्यामुळं हवा थरथरत नाही नि सूर्य स्थिर दिसतो, एवढं समजणाऱ्या पोरीला मी काय सांगू? बोटीनं जातेस त्याची भीती नाही मला. 2019 ला जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत कृष्णा आली होती, तेव्हा तूच सगळ्यांना धीर दिलास.

परवा मिरजेला दाखवून आले. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, घाई नाही म्हणाले. सुईत दोरा ओवायला शेजारची पोरगी येते. सुट्टी काढू नकोस.

भडंग पाठवलंय, लसूण जास्त घातलाय. टेबलावर ठेवून गेलीस तो गॉगल डब्याच्या तळाशी आहे. दुर्बिणीसाठी नाही, बोटीत ऊन लागतं म्हणून.

तुझी,
आई