फिजिओथेरपीच्या बाकावरच्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. ‘पुरे गं, बाबांचे गुडघे कसे आहेत ते सांग’ म्हणता आणि विषयच बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, तेही चारचौघांना वाचता येईल असं. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. एरंडवण्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण इतरांसाठी मुळापासून सांगते. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. शाळेतल्या भाषेत ‘ड्रॉइंगचे सर’. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी किती पोरं बसवली याचा हिशेब नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली चित्रं त्यांनी जन्मभर कॅलेंडरवरून आणि पुस्तकांतून दाखवली, स्वतः कधी पाहिली नव्हती. वय ७६. एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायला ठाम नकार. आईच्या मागे त्यांनी काही मागितलं असेल तर एवढंच, की एकदा पॅरिसला जाऊन यावं.

तर त्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाकावर नंबरची वाट बघत मी त्यांना एका टूर कंपनीचं पत्रक वाचून दाखवत होते. ‘आठवा दिवस, मंगळवार. पॅरिस शहरदर्शन, आयफेल टॉवर, लूव्र संग्रहालय (बाहेरून).’ तुम्ही शेजारी खांदा शेकत बसला होता. ना ओळख ना देख, आणि एकदम म्हणालात, “बाहेरून? पंढरपूरला जाऊन नुसता कळस बघणार का?” मग जरा थांबून, “मंगळवार म्हणालीस ना? मग बाहेरूनच दाखवणार. मंगळवारी ते बंद असतं.”

बाबा हसले. त्या जागेत ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही तुमच्या जेवणाच्या टेबलावर काढल्या. टूर रद्द केली, त्यातले थोडे पैसे बुडाले, तो विषय नको. व्हिसा आणि विमानाचं काय करायचं ते कोणीही सांगतं, त्यात तुमचाही फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो एका प्रश्नावर: लूव्रमध्ये नेमकं बघायचं काय? मी यादी घेऊन आले होते, चांगली बेचाळीस नावांची. तुम्ही ती वाचलीत, घडी घातलीत आणि चहाच्या कपाखाली ठेवलीत.

“पंढरपूरला दोन रांगा असतात,” तुम्ही म्हणालात. “मुखदर्शनाची आणि पदस्पर्शाची. लूव्रमध्ये पस्तीस हजार वस्तू मांडल्यात. सगळ्यांचा पदस्पर्श करायला निघालात तर बाबा तिसऱ्या दालनात बसकण मारतील. एकाच देवाचे पाय धरा, बाकीच्यांना लांबून नमस्कार. आणि देव कोणता ते त्यांना विचार, तू ठरवू नकोस.”

मी मोनालिसा गृहीत धरून बसले होते. बाबा म्हणाले, “व्हर्मीरची लेस विणणारी.” व्हर्मीर म्हणजे जुना डच चित्रकार एवढं ठाऊक होतं, पण मला ते चित्र आठवेचना. “तिच्या बोटांतला दोरा बघायचाय,” ते म्हणाले. “छपाईत येत नाही तो.”

तुम्ही क्षणभर काही बोलला नाहीत. मग गॅस बंद करायला उठता उठता म्हणालात, “आम्ही गेलो होतो तेव्हा त्या बाजूची दालनं बंद होती. ह्यांनाही तेच बघायचं होतं.” आणि लगेच मला कामाला लावलंत. कोणत्या वारी कोणती दालनं बंद असतात हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघ, मग तिकीट काढ. तिकीट वेळेचं असतं, ते इथूनच काढून ठेव. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून पाचच्या सुमाराला आत शिरा. आधी रिशल्यू भागात दुसऱ्या मजल्यावर जाऊन लेसवालीला भेटा. मोनालिसा शेवटी, लोक जेवायच्या तयारीला लागले की. आणि बाबांच्या कोटाला आतून खिसा शिवून घे. (२०१३ साली पाकीटमारांना कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच एक दिवस काम बंद ठेवलं होतं, हे तुम्ही सांगितल्यावर बाबांनी पॅन्टलाही आतून खिसा शिवून घेतला.)

पण खऱ्या अर्थाने तुमच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टी दोन. त्यातली पहिली म्हणजे केळकर संग्रहालयातली रंगीत तालीम.

“पॅरिसला जायच्या आधी बाजीराव रोडला जा,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला ती थट्टा वाटली. तुम्ही म्हणालात, फोनवर वेळ लाव आणि बाबा किती वेळ उभे राहू शकतात ते बघ. पुण्यात इतकी वर्षं राहून राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी शाळेच्या सहलीनंतर गेले नव्हते. बाबा मात्र तिथे शिरताच खुलले. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाने गावोगाव फिरून दिवे, दौती, वज्री, अडकित्ते जमवले, वीस हजारांच्या वर वस्तू, आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू मी सातवी ब मध्ये आहे. अडकित्त्यांच्या कपाटासमोर ते अठरा मिनिटं उभे होते. अठरा! मी आत मांडलेलं बघायचं सोडून फोनकडे बघत होते.

पस्तिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, “ही पाटी बघ, वेलांटी चुकलीय.” सदतिसाव्याला, “आणि हा दिवा इथे लावायला नको होता.” चाळिसाव्याला त्यांनी भिंतीला हात टेकला. तुम्हाला हे कळवलं तेव्हा तुमचं निदान तयार होतं: “चुका काढायला लागले की पाय दुखताहेत असं समज. ते तोंडाने सांगणार नाहीत.” काकू, हे मला आईने कधी सांगितलं नाही. तिला बहुतेक ठाऊक होतं आणि ती मुकाट्याने खुर्ची पुढे करत असणार.

दुसरी गोष्ट पार्किंगमधली. तुमचं म्हणणं, पुस्तकात सगळी चित्रं एकाच मापाची होऊन बसतात, म्हणून आधी मापं काढून बघा. बाबांना हे फारच पटलं. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर, ती जुन्या पेपरातून कापली. लेस विणणारी २४ बाय २१. ए-फोर कागदाची लांबी पाच-सहा सेंटिमीटर छाटली की झालं. ते कात्रण हातात घेऊन बाबा कितीतरी वेळ बघत बसले. त्यांच्या जुन्या पुस्तकातलं छापील चित्र मुळापेक्षा मोठं होतं! इतकी वर्षं ते पोरांना दाखवत होते ते खऱ्याहून मोठं चित्र होतं.

आणि तिसरं, व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं ‘कानाचं लग्न’, म्हणजे बायबलमधल्या काना गावातलं लग्न. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवरचं, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र, जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटरपेक्षा थोडं उंच. ते पेपरात मावेना. मग रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर गेलेल्या असताना, बाबांनी टेप धरायला लावून खडूने चौकोन आखला. पाच गाड्यांची जागा गेली. वॉचमनने विचारलं, “काका, मांडव घालताय का?” बाबा म्हणाले, “हो, लग्नच आहे.” मग काठीने दाखवत बाबांनी त्याला पंगत कुठे, वाढपी कुठे, वाजंत्री कुठे, सगळं सांगितलं. वाजंत्र्यांमधला पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे खुद्द चित्रकार, असं मानतात, हेही. चौकोनाच्या एका कडेपासून मागे मागे सरकत ते कंपाउंडच्या भिंतीला टेकले आणि म्हणाले, “एवढ्या लांबून बघायचं म्हणजे आपण नेमके मोनालिसाच्या गर्दीत सापडणार.” झालंही तसंच.

आता त्या बुधवारचं.

काचेच्या पिरॅमिडपाशी तिकीटवाल्यांची वेगळी रांग होती, वीस मिनिटांत आत. व्हीलचेअर तिथे फुकट मिळते हे तुम्ही सांगून ठेवलं होतं. बाबा नको नको म्हणाले, मी तरीही घेतली. पहिला तासभर तिच्यात आमच्या पिशव्या आणि छत्री बसून फिरली, बाबा मागून ढकलत होते. ढकलताना आधार मिळतो हे त्यांनी कबूल केलं नाही. मीही काढलं नाही.

सरकत्या जिन्याची त्यांना भीती, म्हणून लिफ्टने वर. दुसऱ्या मजल्यावर इतकी शांतता की आपण चुकलो असं वाटलं. दालनं बघत बघत गेलो, आणि एका भिंतीवर ती. मला सांगायला लाज वाटते, पण मी तिच्यावरून पुढे गेले होते. बाबांनी मागून हाक मारली.

ती मान खाली घालून बसलेली. पिवळा पोशाख. समोर निळी उशी, आणि उशीतून बाहेर आलेले लाल-पांढरे दोरे. काकू, ते दोरे म्हणजे दोरे नाहीतच. रंग ओघळलाय नुसता, लाल रंगाची धार सांडल्यासारखी. आणि तिच्या दोन्ही हातांमध्ये मात्र एकेक दोरा ताणलेला, केसाइतका बारीक, सरळ. बाबा चष्मा काढून, परत लावून, परत काढून बघत होते. जवळचं धूसर आणि त्याच्या मागचं स्पष्ट, असं का, ते त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं: तिची नजर जिथे आहे तिथेच सगळं स्पष्ट आहे, बाकी तिला दिसतंय तसं. मग खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढली. पंचवीस मिनिटं. मी वेळ लावली होती, सवयीने. एकही चूक काढली नाही कुणाची.

चूक निघाली ती पुढच्या दालनात. “या चौकटीला सोनं जरा जास्तच झालंय,” ते म्हणाले, आणि मी पिशव्या उचलून खुर्ची पुढे केली. बसले.

त्यानंतर खाली, स्युली भागाच्या तळघरात गेलो. तिथे जुन्या किल्ल्याचा पाया उघडा करून ठेवलाय, बाराव्या शतकाच्या अखेरचा. लूव्र आधी किल्ला, मग राजवाडा, आणि १७९३ पासून संग्रहालय. ते घडीव दगड बघून बाबांना एकदम घरी आल्यासारखं झालं. “शनिवारवाड्याचं जोतं,” ते म्हणाले. आपला १८२८ मध्ये जळाला नसता तर, वगैरे बरंच बोलले. ते तुम्हाला पाठ असेल, प्रत्येक पुणेकराला असतं.

मोनालिसाचं तुमचं भाकीत खरं ठरलं. आठ वाजून गेले तरी रांग होतीच, पण सरकत होती. अर्ध्या मिनिटाचं मुखदर्शन, काचेआडून, सगळ्यांचे हात वर आणि हातांत फोन. बाबांनी नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि पाठ फिरवली. १९११ मध्ये ती चोरीला गेली होती तेव्हा रिकामी भिंत बघायलाही लोक येत होते, ही गोष्ट ते वर्गात सांगायचे. आता म्हणाले, “तेव्हा निदान भिंत तरी नीट दिसली असेल.” समोरच्या लग्नाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही मात्र पार्किंगमध्ये ठरवल्याप्रमाणे भिंतीच्या दिशेने मागे मागे सरकलो. बाबा खुर्चीतून, मी ढकलत. लोकांना वाटलं आम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून उभे आहोत. एका पहारेकऱ्याने हाताने मोनालिसा दाखवलीसुद्धा. बाबांनी काठीने त्याला पंगत दाखवली.

बंद व्हायच्या अर्धा तास आधी दालनं रिकामी करायला लागतात. पंखवाली विजयदेवता, तो प्राचीन ग्रीक पुतळा, परतीच्या वाटेवर, जिन्याच्या वरच्या टोकाला, ओझरती दिसली. यादीतली अडतीस नावं राहिली. घरी येऊन ती यादी शोधली, तर ती तुमच्याकडेच, कपाच्या गोल डागासकट.

तुमच्यासाठी काही आणायचं नाही, फ्रिजवर चिकटवायचं तर मुळीच नाही, असं तुम्ही बजावलं होतं. मी ऐकलं. बाबांनी ऐकलं नाही. त्या वहीतल्या कच्च्या रेखाटनावरून गेला महिनाभर ते रोज सकाळी बसताहेत. २४ बाय २१, पट्टीने मोजून. पिवळा तीनदा पुसला. दोरे अजून मनासारखे आले नाहीत म्हणतात, पण मला वाटतं आता ते नुसतेच रेंगाळताहेत, कारण संपलं की द्यावं लागेल. तुम्हाला आणि काकांना त्या दिवशी दिसली नाही, ती ही. काच लावू देत नाहीत. काच लावली की रंग मरतो, असं त्यांचं म्हणणं.

येत्या गुरुवारी संध्याकाळी घेऊन येतो. तुमच्याकडची लिफ्ट बंद असेल तर आधी फोन करा. तुमच्या जिन्यात पहिल्याच मजल्यावर ते रंगाच्या चुका काढायला लागतील, आणि तिथे खुर्ची नाही.

तुमची,
ड्रॉइंगच्या सरांची मुलगी