लोझानचा तह आणि शंभर वर्षांची अफवा

महोदय,

२४ जुलै हा दिवस तुर्कस्तानात लोझान शांतता तहाचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. २९ ऑक्टोबरच्या प्रजासत्ताक दिनासारखी त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. परंतु तुर्कस्तानच्या स्वातंत्र्याला आणि बहुतांश सीमांना जगाची मान्यता मिळाली ती १९२३ साली याच तारखेला स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या सह्यांमुळे. या तहात गुप्त कलमे असून शंभर वर्षांनी तो संपेल आणि मग तुर्कस्तानला बोरॉन व खनिज तेल काढता येईल, अशी अफवा त्या देशात वर्षानुवर्षे फिरत आली आहे. तहाच्या १४३ कलमांत अशी मुदत कोठेही नाही, २०२३ सालही उलटून गेले आणि बोरॉनच्या उत्पादनात तर तुर्कस्तान आधीपासूनच जगात आघाडीवर आहे. तरीही ‘विजय की विश्वासघात’ हा वाद शमत नाही. माझ्या मते हा तह दोन्ही नव्हता. ती वाटाघाटीतून झालेली तडजोड होती आणि हा दिवस तसाच समजून घ्यायला हवा.

पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑटोमन साम्राज्यावर लादलेल्या १९२० च्या सेव्ह्रच्या तहाने इझमीर ग्रीसच्या कारभाराखाली जाणार होते, पूर्वेकडील प्रदेश आर्मेनियाला मिळणार होता आणि बॉस्फरस व दार्दानेल्स या सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या हाती जाणार होत्या. मुस्तफा केमाल पाशांच्या अंकारा सरकारने तो झुगारला, ग्रीक सैन्याला अनातोलियातून हटवले आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री इस्मत पाशांना वाटाघाटींसाठी लोझानला पाठवले. इस्मत पाशांना कमी ऐकू येत असे. नको असलेला मुद्दा निघाला की ते आणखीच कमी येई, असे सांगतात. परकीयांच्या खास सवलती आणि न्यायालयीन हक्क रद्द करण्यावर ते इतके ठाम राहिले की फेब्रुवारीत बोलणी मोडली आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन निघून गेले. एप्रिलमध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि अखेर कलम २८ ने त्या सवलती संपुष्टात आल्या.

मात्र मोसुलचा प्रश्न लांबणीवर पडला आणि पुढे १९२६ मध्ये तो प्रदेश इराककडेच राहिला. सामुद्रधुन्यांवर संपूर्ण लष्करी ताबा मिळायला १९३६ चा माँत्रो करार उजाडावा लागला. राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी २०१६ मध्ये एजियन बेटांचा दाखला देऊन हा तह विजय म्हणून गळी उतरवला गेल्याची टीका केली, तेव्हा त्यांनी एका गोष्टीकडे काणाडोळा केला: त्यांपैकी बहुतेक बेटे १९१२-१३ पासूनच इटली वा ग्रीस यांच्या ताब्यात होती.

या वादात जे झाकले जाते ते मला अधिक खटकते. याच परिषदेत ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात सक्तीच्या लोकसंख्या-अदलाबदलीचा करार झाला. निकष फक्त धर्माचा असल्याने तुर्की बोलणारे अनातोलियातील ख्रिश्चन ग्रीसला आणि ग्रीक बोलणारे क्रीटमधील मुसलमान तुर्कस्तानात पाठवले गेले. सुमारे बारा लाख ख्रिश्चन आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान या कराराच्या कक्षेत आले. ख्रिश्चनांतील बहुतेक जण तर युद्धाच्या धामधुमीत आधीच पळाले होते आणि कराराने त्यांचा परतीचा मार्गच बंद केला. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधील पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले गेले. २४ जुलैविषयी लिहिताना इस्मत पाशांच्या चिकाटीबरोबर या कराराचाही उल्लेख व्हावा, कारण त्यावर तुर्कस्तानच्या वतीने पहिली सही त्यांचीच होती.

आपला,
एक वाचक