पाणी मानशीपाशी किती चढणार?

संपादक महोदय,

चक्रीवादळाचा इशारा आला की बातमीत दोन आकडे हमखास असतात, वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची. कळंगुट-मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यांना ते पुरतात. मी गोव्यातल्या मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचा. आमच्या घरासमोर खाजन, म्हणजे नदीकाठची खारी सखल शेतजमीन आहे, त्याला चिखलाचा बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारांची मोरी. मानशीपाशी पाणी किती चढणार, एवढेच मला हवे असते आणि नेमके तेच आजवर माझ्यापर्यंत पोहोचलेले नाही.

16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून सरकत होते आणि मी मोडकी छत्री धरून मानशीवर उभा होतो. भरतीचे पाणी रेटू लागले की मानशीची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती उघडते. त्या दिवशी ओहोटीची वेळ टळून दीड तास झाला तरी दारे हलेनात. आत पावसाचे पाणी तुंबत होते, बाहेर वाऱ्याने अडवलेली मांडवी उतरायला तयार नव्हती. वडिलांनी फार वर्षांपूर्वी पहारीने चिऱ्यावर एक खूण कोरली होती. पाणी तिच्या चार बोटे खाली थांबले. कोरगूट, म्हणजे खाऱ्या पाण्यात तगणारा भात, अजून पेरायचा होता म्हणून निभावले.

खरे तर आम्हाला पंचांगाने वाचवले. अक्षय्य तृतीया होऊन दोन दिवस झाले होते, अमावास्येचे उधाण ओसरत आले होते. 2017 ला उलटे घडले. ओखी चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर, पण दत्तजयंतीची पुनव, आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर पाणी शॅकमध्ये शिरले. तेव्हा उधाण होते, वारा नव्हता. तौक्तेला वारा होता, उधाण नव्हते. दोन्ही एकाच रात्री आली तर वडिलांची खूण कुठे बुडालेली असेल?

‘वादळ समुद्रावर, नदीत काय होणार?’ असे आमच्याच वाड्यावर ऐकतो. पण 1928 च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळात अमेरिकेतल्या फ्लोरिडात ओकीचोबी नावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्याने किमान अडीच हजार माणसे घेतली. हे तळे समुद्रापासून बरेच आत आहे आणि सरासरी तीन मीटरही खोल नाही. उत्तरेच्या वाऱ्याने सगळे पाणी दक्षिण काठावर लोटले आणि तिथला मातीचा बांध फुटला. मग वादळ पुढे गेले, वारा फिरला, पाणी उत्तरेच्या काठावर चढले. उथळपणा इथे घातच करतो: वारा तोच असला तरी खोल पाण्यापेक्षा उथळ पाणी जास्त फुगते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला तर पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढते, ते वेगळेच.

अमेरिकेच्या ‘स्लॉश’ या संगणकीय मॉडेलच्या नावातच समुद्राबरोबर तळेही आहे. पाण्याचे आणि काठच्या जमिनीचे चौकटीचौकटींत तुकडे करायचे, तळाची खोली, जमिनीची उंची, वादळाची वाट आणि दाब घालायचा, मग कुठल्या चौकटीत पाणी किती चढेल ते निघते. पण त्याला बांधाची उंची कुणीतरी सांगावी लागते. आमचा बांध कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेला, दरवर्षी थोडा खचतो. जुन्या नकाशावरची उंची घातली तर उत्तरही जुनेच येणार.

दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादला समुद्राचे अंदाज देणारी ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था आहे, तेव्हा जाणकारांची वानवा नाही. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांच्या काठचे बांध आणि मानशी दर पावसाळ्याआधी मोजाव्यात, आणि इशाऱ्यात ‘चोडणला नेहमीच्या भरतीपेक्षा इतके वर, इतक्या वाजता’ असे सांगावे. प्रत्येक मानशीवर रंगवलेली मोजपट्टी लावायला तर मोठा निधीही नको.

रायबंदरहून फेरीबोट आहे. मोजायला येणाऱ्यांनी तेवढे सुकतीच्या वेळी यावे, म्हणजे मानशीचा उंबरठाही दिसेल.

— एक निवृत्त शिक्षक, चोडण, तिसवाडी