अठ्ठावीस पोरं आणि एक फाइल

लेस्टर (इंग्लंड), 9 जून 2024

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर्गात कॉम्प्युटर देऊन पोरांना करायला लावतेस तरी काय?" तेवढ्यात आईने तुम्हाला जेवायला हाक मारली आणि उत्तर राहिलं. आज रविवार आहे, सवडीने लिहिते.

सध्या माझ्या आठवीला (वयाने आपली सातवी) मान्सून शिकवतेय. अठ्ठावीस पोरं, चौघाचौघांचे सात गट. प्रत्येक गटाने गूगल स्लाइड्सवर सादरीकरण करायचं. एकच फाइल चौघांच्याही समोर उघडी, आणि चौघं एकाच वेळी तीत लिहितात. कोण कुठे लिहितंय ते नावाच्या रंगीत खुणेवरून कळतं. क्रोमबुकची, म्हणजे छोट्या लॅपटॉपची, ट्रॉली वर्गात आली की त्यातली दोन हमखास चार्ज नसतात, ते सोडा.

पहिल्या दिवशी मी अतिशहाणपणा केला. सराव म्हणून एकच फाइल अठ्ठावीस जणांना दिली, सगळ्यांना बदल करायची मुभा. एकाने सगळ्या स्लाइड निवडल्या आणि एका झटक्यात पुसल्या. काय तो गिल्ला! पण फाइलच्या जुन्या आवृत्त्या आपोआप साठत असतात. मी मोठा पडदा बंद केला आणि आधीची आवृत्ती परत आणली. पुसणाऱ्याचं नाव मला दिसलं, वर्गाला सांगितलं नाही. कुणाचे कान लाल झालेत ते तसंही सगळे बघत होते.

तुमच्या शाळेचं हस्तलिखित आठवतं? ज्याचं अक्षर मोत्यासारखं, तोच सगळं उतरवून काढायचा. माझ्या वाट्याला समासातली वेलबुट्टी. इथे अक्षराचा प्रश्नच नाही, म्हणून मला हे आवडलं होतं. शिवाय कुणी किती लिहिलं तेही आवृत्त्यांच्या इतिहासात दिसतं, म्हणजे एकाने राबायचं आणि तिघांनी मिरवायचं हे बंद. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी तर बाजूच्या टिप्पण्यांमधून गटाला चांगली फैलावर घेते.

पण त्याच इतिहासाने मला फसवलं. एका मुलाच्या नावावर जेमतेम दोन ओळी होत्या. गुण कापणारच होते, तर त्याची जोडीदार म्हणाली, "मिस, सह्याद्रीचं सगळं त्यानेच सांगितलं, मी नुसतं टाइप केलं." ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडं राहतं, हे त्या पोराने तिला वहीवर डोंगर काढून समजावलं होतं. वही कुठल्या इतिहासात येणार? आता मी गटागटाजवळ उभी राहून आधी ऐकते, गुण मागाहून.

त्यांना आकडे मीच दिले होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून तासाभरावरच्या आपल्या वाईला त्याच्या पावभागही नाही. लेस्टरमध्ये बारा महिने भुरभुर, तरी बेरीज सहा-साडेसहाशेच्या आसपास. तक्ता तयार झाल्यावर पोरं माझ्याकडेच संशयाने बघायला लागली.

एक तक्रार आहेच. स्लाइड उघडली की अर्धा तास अक्षरांचे रंग निवडण्यात जातो. म्हणून आता पहिल्या तासाला फक्त गूगल डॉक्स, नुसता मजकूर. सजावट नंतर.

फाइल तुम्हाला दाखवली असती, पण शाळेबाहेरच्या कुणाला ती उघडता येत नाही. तुम्ही एक करा. जोराचा पाऊस झाला की घाटावर जाऊन ढोल्या गणपतीजवळचं कृष्णेचं पाणी फोटोत टिपून मला व्हॉट्सॲपवर पाठवा. पायऱ्या दिसायला हव्यात, म्हणजे पाणी किती चढलंय ते पोरांना कळेल. आणि छत्री न्या, नाहीतर आई मलाच बोलेल.

तुमची,
सुमा