स्टुडिओवाल्या काकांना, शाळेच्या बाईंकडून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. शाळेतल्या मुलांनी फोटो काढून केलेल्या आपल्या कोळीवाड्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी ते टाकायला निघाले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, नाव दुकानाच्या पाटीवर आहे, तेवढं पुरे." पाटीवर आहे खरं, पण त्यातलं एक अक्षर मागच्या पावसाळ्यात उडालंय आणि तुम्ही अजून लावून घेतलेलं नाही. असो. अलिबागमध्ये ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलून चहा मागवता, म्हणून हे चारचौघांत.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि टँकर. नऊ वर्षांपूर्वी कोळीवाड्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा मला बोंबील आणि वाकटी यातला फरकही कळत नव्हता. पहिल्याच आठवड्यात वर्गात चित्रांचा नवा तक्ता लावला. त्यात एका चौकोनात 'कोळी' लिहिलेलं, वर आठ पायांचा, जाळ्यात बसलेला. दुसरीतला एक मुलगा उठला, तक्त्याजवळ गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "बाई, यो कोली नाय!" वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना मात्र डोक्यात राहिलं की या पोरांच्या बापाचं नाव ज्या शब्दात आहे, त्या शब्दाखाली छापलेलं चित्र किड्याचं आहे.

दुसरा कोळी शाळेत भेटायचा तो स्नेहसंमेलनात. डोक्याला रुमाल, हातात वल्हं, गाणं ठरलेलं. एकदा तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या मुली त्यांच्या आज्यांची लुगडी नेसून नाचल्या. परीक्षकांनी शेरा दिला, 'वेशभूषा कोळी वाटत नाही.' दुसऱ्या शाळेच्या भाड्याने आणलेल्या चमचमत्या साड्या वाटल्या. मुली काही बोलल्या नाहीत. टेम्पोत बसल्यावर एक जण एवढंच म्हणाली, "मंग आमी कोन?"

पुस्तकाचं खूळ डोक्यात शिरलं ते पुण्याच्या रद्दीवाल्याकडे. तिथे एक मोठं, कोपरे दुमडलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं, 'चिल्ड्रन जस्ट लाइक मी'. बार्नाबस आणि अॅनाबेल किंडरस्ली या जोडीने देशोदेशी फिरून, तिथल्या मुलांना भेटून ते केलं आणि युनिसेफच्या साथीने 1995 साली ते निघालं. प्रत्येक मुलाचा मोठा फोटो, शेजारी त्याचं घर, शाळा, जेवण, आवडीच्या वस्तू. वर्गात नेलं तर आठवडाभर सुटीत कोणी बाहेर जाईना. इंग्रजी कोणाला वाचता येत नव्हतं, पण अडलं काही नाही. ताटातलं काय काय ओळखू येतं यावरच दोन दिवस भांडणं. शेवटी एकीने विचारलं, "बाई, यात आपल्या वाड्यातलं कोनी नाय?"

माझी भाची अमेरिकेत शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिला हे फोनवर सांगितलं, तर तिने जॉर्ज अँकोना या गृहस्थांची माहिती पाठवली. जन्म 1929 चा, न्यूयॉर्कचा, आईवडील मेक्सिकोतले. जन्मभर कॅमेरा घेऊन मुलांसाठी अशीच पुस्तकं करत राहिले. त्यांचं एक पुस्तक दक्षिण मेक्सिकोतल्या एका म्हाताऱ्या कारागिरावर आहे. वाढदिवसाला मुलं काठीने फोडतात ती खाऊ भरलेली कागदी बाहुली तो कशी बनवतो, एवढाच विषय. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्हींत शेजारी शेजारी. एक गाव, एक माणूस, एक वस्तू आणि दोन भाषा. एवढ्यावर पुस्तक उभं राहत असेल तर आमच्याकडे अख्खा कोळीवाडा आहे, असं मला वाटलं आणि मी तुमच्या दुकानात आले.

आले ती चुकीचंच मागायला. "एक दिवस येऊन फोटो काढून द्या." तुम्ही समोरच्या अल्बमवरून नजर न उचलता म्हणालात, "मी आलो तर लग्नाच्या अल्बमसारखे येतील. सगळी नटून उभी. पोरांना काढू द्या, मी बाजूला बसतो." लग्नसराई चालू होती. तरी दर गुरुवारी सकाळी सातला तुमची स्कूटर शाळेच्या फाटकाशी. एक जुना डिजिटल कॅमेरा तुमचा, दोन मोबाइल पालकांचे आणि सतरा मुलं.

पहिला दिवस आठवतो? मुलांनी बंदरावर चारशे फोटो काढले आणि निम्म्यांत माणसांच्या तोंडाजागी काळे डाग. मागे समुद्र पांढराफेक, पुढे सावलीतला चेहरा. तुम्ही रागावला नाहीत. पोरांना उन्हाकडे पाठ करून उभं केलंत आणि म्हणालात, "आता सूर्य तुमच्या पाठीवर बसलाय, त्याला समोरच्याचं तोंड बघू दे." मग नियम सांगितलेत. दुपारी कॅमेरा पिशवीत. झूम मोडलाय असं समजायचं, हवं तर चार पावलं पुढे जायचं. बसलेल्या माणसाचा फोटो बसूनच काढायचा. प्रत्येक कामाचे तीन फोटो, आधी जागा, मग माणूस, मग हात. आणि सगळ्यांत आधी, नाव विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

या शेवटच्या नियमाने पोरांचं काय झालं ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल. वाड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात असं आपण म्हणतो. पण मुलं ज्यांना 'पंपावरची बाय' आणि 'लंगडा तांडेल' म्हणत होती, त्यांची नावं त्यांना पहिल्यांदा कळली. पुस्तकात एकतीस माणसं आहेत. एकतीस नावं आहेत. 'एक कोळी महिला' असं कुठेही नाही.

डोल जाळ्याच्या पानांसाठी तर तुम्ही आम्हाला तीन आठवडे थांबवलंत. मला वाटलं, टाळताय. मग तुम्हीच पंचांग काढून दाखवलंत. डोल म्हणजे भलं मोठं निमुळतं जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्याला बांधून ठेवायचं. भरती-ओहोटीचं पाणी जोरात त्याच्या तोंडातून आत शिरतं, मासळी त्या ओढीने शेवटच्या टोकात, खोल्यात, जाऊन साचते. म्हणजे जाळं मासळीमागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ जबर. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी सुस्त, तेव्हा डोलकर किनाऱ्यावर जाळी शिवत बसतात. "उधाणात गेलात तर माणूस घाईत. भांगात गेलात तर सुई हातात धरून गोष्ट सांगेल." आणि सांगितली की! भरती-ओहोटीचा धडा मी आठ वर्षं फळ्यावर शिकवत होते, चंद्र-सूर्याची वर्तुळं काढून. तो मला त्या दिवशी जाळ्याच्या ढिगावर बसून कळला.

मला सगळ्यांत आवडतं ते बोंबलाचं पान. बांबूच्या वलांडीवर दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर बोंबील वाळत घातलेले. लांबून पाहिलं तर नुसतं गुलाबी तोरण दिसतं, आणि तसे फोटो अलिबागला येणारा प्रत्येक पाहुणा काढून नेतो. तुम्ही मुलांना दोरीखाली बसवलंत. मग दिसलं, बोंबलाला कुठेही बांधलेलं नाही. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. बायका हे न बघता करतात, गप्पा मारत, पाटीतून दोन उचलले की बोटातच जोडी लागते. चार फोटो ओळीने लावलेत. त्या पानावर एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवलंत तुम्ही. मी वाद घातला, बाई आहे ना. पण पहिलीतली मुलं ते पान उघडून दोन पेन्सिलींनी जोडी लावून बघतात तेव्हा मला गप्प बसावं लागतं.

जिथे लिहायचं होतं तिथेही तुम्ही सोडलं नाहीत. एका मुलाने आजीच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'ही माझी आजी आहे. ती मासे विकते.' तुम्ही म्हणालात, "पाटी दिसतेय, मासे दिसतायत. दिसत नाही ते लिही." तो दोन दिवस वही घेऊन हिंडला. आता तिथे छापलंय, 'माझी आजी पहाटेच्या एसटीने जाते. पाटीच्या वासामुळे तिच्या शेजारी कोणी बसत नाही. म्हणून तिला रोज खिडकी मिळते.' हे वाचून मुख्याध्यापक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येक पानावर वर पुस्तकी मराठी आणि खाली मुलांच्या घरातली बोली. वर 'होडी', खाली 'होरी'. वर 'जाळं', खाली 'जालं'. मासे जिथे जिथे, तिथे खाली म्हावरं. 'अशुद्ध छापताय का?' असं आम्हाला एकाने विचारलं. 'नाही, दोन्ही शुद्ध छापतोय,' असं मी उत्तर दिलं. ते मला तिथल्या तिथे सुचलं याचं अजून आश्चर्य वाटतं.

आता माझ्या पराक्रमाचं. सहाशेच्या वर फोटो तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात छोट्या प्रती अंथरून मुलांकडून निवडून घेतलेत. छापखान्यात मोठा कागद घडी घालून कापतात, त्यामुळे पानं सोळा नाहीतर चोवीस, एकोणीस नाही, हे समजावलंत. मग मी उत्साहाने निवडलेले सगळे फोटो व्हॉट्सअॅपवर छापखान्याला पाठवून दिले. पहिली नमुना प्रत आली तर सगळा कोळीवाडा धुक्यात! आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या, बोंबलाचे जबडे गेले. तिथे पाठवताना फोटो दाबून लहान होतो, पडद्यावर चालतो, कागदावर चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. त्यात जागा हवी म्हणून पालकांनी मोबाइलमधले मूळ फोटो पुसून टाकलेले. मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले, हे आता सगळ्यांना कळलं तरी चालेल.

तुम्ही आत गेलात आणि संगणकावर एक फोल्डर उघडलंत. दर गुरुवारचं एक. कॅमेऱ्याचं कार्ड आणि दोन्ही मोबाइल तुम्ही दर वेळी निघण्यापूर्वी उतरवून घेत होता, ते मी पाहिलं होतं, पण कशासाठी ते विचारलं नव्हतं. "लग्नाचे फोटो एकदा गेले की लग्न परत लावता येत नाही," एवढंच म्हणालात आणि चहा मागवलात. पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यातही तुम्हीच गेलात. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद होतं. बिल मागितलं तेव्हा फक्त छोट्या प्रतींच्या कागदाचे पैसे घेतलेत. छपाईचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीने आणि मच्छीमार सोसायटीने उचलला. शंभर प्रती निघाल्या.

प्रतींचं वाटपही तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. पहिल्या एकतीस, पुस्तकात जे आहेत त्यांच्या घरी, मुलांनी स्वतः नेऊन द्यायच्या. मग शाळा, मग पाहुणे. केंद्रप्रमुखांना बत्तिसावी मिळाली, थोडे नाराज झाले. ज्या सतरा मुलांनी फोटो काढले त्यांतली तिघं वाचनात मागे होती. ती आता पुस्तक घेऊन घरोघरी जाऊन आपल्या ओळी वाचून दाखवतात. पाठ झाल्यात म्हणून वाचतात हे मला माहीत आहे. चालेल.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या त्या आजी आठवतात? मुलांनी नाव विचारलं तर त्यांनी नावही दिलं नाही आणि फोटोही. "माझा नको." एका पोराने तोवर एक काढलाच होता. तुम्ही त्यालाच तो पुसायला लावलात, आजींना स्क्रीन दाखवून, गेला म्हणून. मग विचारलंत, "पाटीचा काढू का?" त्या म्हणाल्या, पाटीचा काढा. म्हणून सतराव्या पानावर नुसती पाटी आहे. आत ओल्या फडक्याखाली मांदेली, काठावर तराजू, आणि खाली ओळ, 'या पाटीच्या मालकिणीला फोटो आवडत नाही.'

परवा त्या शाळेत आल्या. वर्गाच्या दारात उभ्या राहून पुस्तक मागितलं. सतरावं पान काढलं, बराच वेळ पाहिलं, मग शेजारणीचं पान काढलं, तिचं छापलेलं नाव पोराकडून वाचून घेतलं. मग मला म्हणाल्या, "माजी पाटी घेतलीव, मंग मला कशाला सोरलीव?"

काका, दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं चालू आहे, सोसायटी पैसे देते म्हणते. सध्या पावसाळी मासेमारी बंदी आहे, 31 जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे त्या आजी घरीच असतात. पण त्यांना फोटो नारळी पौर्णिमेलाच हवाय, नथ घालून, नारळ हातात घेऊन. नटून उभ्या राहणार, लग्नाच्या अल्बमसारख्या. तुमच्या नियमात बसत नाही, ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला सांग, नाव मी तवाच सांगन."

पौर्णिमेला गुरुवार नाही, पण तेवढा दिवस मोकळा ठेवा.

तुमची,
कोळीवाड्याच्या शाळेची बाई